मेलेल्या माकडाची खबर द्यायची कुणाला?

मागच्या मार्चमध्ये आईचा फोन आला, काजूच्या बागेत वरच्या अंगाला माकड मरून पडलंय, वास सुटलाय, काय करू. आमचं गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं, मी पुण्यात नोकरीला. माकडतापाच्या भीतीने माझ्या तोंडून पहिलं हेच आलं की हात लावू नको आणि तिकडे काजूची बी वेचायला कुणाला पाठवू नको. मग फोनाफोनी सुरू केली. एका ऑफिसात म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे म्हणाले पंचनामा करू पण नमुना घेणारा माणूस नाही, तिसऱ्यांनी विचारलं घरात कुणाला ताप आलाय का, नाही ना, मग आम्ही आत्ता काय करणार. कुणी उद्धट बोललं नाही, प्रत्येक जण आपापल्या नियमाने बरोबरच होता. पण माणूस येईपर्यंत तीन दिवस गेले आणि तपासण्यासारखं काही उरलंच नाही.

माकडताप काय असतो ते आमच्याकडे पोरासोरांनाही माहितीय. गोचिडी चावून माणसाला होणारा विषाणूचा ताप, कागदोपत्री नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरायला लागली, आसपासच्या गावांत ताप पसरला, आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आत्ताच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) लोकांनी जाऊन नवा विषाणू शोधून काढला. तेव्हा मेलेली माकडं, गोचिडी, आजारी माणसं, या सगळ्यांचा तपास एकाच टीमने केला होता, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पन्नासेक वर्षं हा आजार मुख्यतः त्याच पट्ट्यात राहिला, मग २०१२ ला बंदीपूर, २०१३ ला वायनाड, २०१५ ला गोव्यात सत्तरी आणि २०१६ ला आमचा दोडामार्ग.

मेलेल्या माकडाला एवढं महत्त्व का, तर माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून तिथल्याच पातेऱ्यात पसरतात आणि ती जागा धोक्याची होते. त्या पिल्लावस्थेतल्या गोचिडी एवढ्या बारीक असतात की चावलेलं कळतही नाही, आणि त्यांचा जोर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमका काजूचा हंगाम, बायका दिवसभर खाली वाकून बी वेचत असतात तेव्हा. माणसाला ताप यायच्या आधीच माकड सांगून जातं की विषाणू इथे आलाय. ती खबर वेळेत पोचली तर जागा बंद करता येते, औषध मारता येतं, अंगाला लावायचं तेल वाटता येतं. नाहीतर मग थेट तापच, डोकं फुटेल असं दुखणं, काहींना रक्तस्राव, आणि शंभरातले तीन ते पाच जण जातात. यावर खास औषध अजून नाही. जुनी लस होती ती वारंवार घ्यावी लागायची आणि तरी पुरेशी चालत नव्हती म्हणून २०२२ मध्ये बंद झाली, नव्या लसीचं काम आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, हातात घेतलंय.

आता कुणी म्हणेल आपल्याकडे संशोधन कमी पडतं. मला तसं वाटत नाही. देशातली पहिली बीएसएल-४ लॅब, म्हणजे सगळ्यात धोकादायक विषाणू हाताळायची कडेकोट लॅब, पुण्यातच एनआयव्हीत आहे. कोरोनात आपण काय केलं आठवा, ३० जानेवारी २०२० ला केरळमधली पहिली केस पुण्याच्या लॅबने नक्की केली, आणि ऑगस्टमध्ये देशात एका दिवसात दहा लाख टेस्ट होत होत्या. डिसेंबरमध्ये इन्साकॉग नावाचं लॅबचं जाळं उभं राहिलं, वेगवेगळ्या खात्यांच्या दहा लॅब एकत्र आल्या आणि विषाणूचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याची जनुकं वाचायचं काम, एका पद्धतीने व्हायला लागलं. म्हणजे जमतं आपल्याला. फक्त आग लागल्यावर जमतं, आणि माकडतापासारख्या आजाराला आग लागायच्या आधीचं काम लागतं.

त्यासाठी केंद्राचं नॅशनल वन हेल्थ मिशन आलंय, माणसाचं आरोग्य, जनावरांचं, जंगलाचं, सगळं एकत्र बघायचं म्हणून, नागपूरला वन हेल्थ संस्थेची पायाभरणी २०२२ च्या डिसेंबरात झाली. मला यातून मनापासून आशा आहे. पण मिशनचं खरं टोक दिल्लीत किंवा नागपुरात नाही, ते आमच्या बागेत वरच्या अंगाला आहे. तिथे दिसलेलं माकड कुणी उचलायचं, नमुना बर्फात कुणी घालायचा, गाडी कुणाची, रिपोर्ट आला की तो वनखात्याला, पशुवैद्यकीय डॉक्टरांना, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) आणि पलीकडे सत्तरीतल्या लोकांना त्याच दिवशी कसा कळणार, हे हंगामाच्या आधी लिहून ठरलेलं पाहिजे. पैसेही तिथे गेले पाहिजेत, नुसत्या मशीनवर नाही. आणि तालुक्यातल्या त्या नमुना घेणाऱ्या माणसाला पगार आणि ट्रेनिंग पाहिजे, कारण त्याने नीट नमुना आणला नाही तर बीएसएल-४ मधला शास्त्रज्ञ तपासणार काय?

आईने त्या मार्चमध्ये वरचा अंग सोडून दिला, तिथली बी तशीच पडून राहिली. यंदा मी डिसेंबरमध्येच सुट्टी काढून गावी जातोय. ग्रामसभेत एकच मागणी करणार आहे, मेलेलं माकड दिसलं तर कुठल्या एका नंबरवर फोन करायचा तो पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.