पोपटलालचं लग्न आणि आमचं भरीत

अमळनेरकडच्या शेतात हिवाळ्यात भरीत पार्टी असली की वांगी भाजून होईपर्यंत बोलायला काहीतरी लागतं. कापसाच्या भावावर फार वेळ बोलवत नाही, जीव जळतो. राजकारण काढलं तर जेवायला बसेपर्यंत दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. मग कुणीतरी ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’चा विषय काढतं आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो.

‘‘आते पह्यलेसारखी मजा नही राहिनी,’’ असं जिभाऊ म्हणतात. दरवर्षी म्हणतात.

‘‘मंग देखतस कसाले?’’ आक्का विचारते.

याला उत्तर नसतं. जिभाऊ कपाशीच्या काड्या पुढे सरकवतात, वांगं उलटवतात. पण बघतात, हे खरं. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत साडेआठचा भाग धड कधी पाहायला मिळायचा नाही, म्हणून सगळ्यांनी ही मालिका पुनःप्रक्षेपणातच पाहिली, आगापिछा नसलेली. लागलेला भाग जुना की नवा, हे ओळखायची आमच्या घरातली पद्धत म्हणजे जेठालालच्या मुलाचं, टप्पूचं, तोंड बघायचं; त्याचं काम करणारा नट बदलत गेला. पहिला टप्पू असला तर 2017च्या आधीचा, म्हणजे चॅनल बदलायचं नाही. तिसरा असला तर रिमोट शोधायचा. (रिमोट सापडेपर्यंत अर्धा भाग बघून होतो, ते वेगळं.)

28 जुलै 2008ला सुरू झालेली मालिका, चार हजारांवर भाग. इतक्या वर्षांत माणसं जाणारच. जेठालालच्या बायकोचं, दयाबेनचं, काम करणाऱ्या दिशा वाकानी 2017मध्ये मालिकेतून गेल्या आणि दयाबेन परत येणार-येणार करत आम्हाला झुलवत ठेवलं गेलं. डॉ. हाथी करणारे कवी कुमार आझाद 2018मध्ये वारले, नट्टूकाका घनश्याम नायक 2021मध्ये. 2022मध्ये खुद्द तारक मेहताचं काम करणारे शैलेश लोढा बाहेर पडले. जिभाऊंच्या मते दया गेली त्या दिवशी मालिका संपली. पार्टीतली निम्मी माणसं या मताची असतात.

मला ते पटत नाही. दया असतानाच मालिका घसरायला लागली होती. मूळ लेखन होतं खऱ्याखुऱ्या तारक मेहता या लेखकाच्या गुजराती सदराचं, 1971पासून ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात येणारं. आठवड्याला एक लेख. तोच ऐवज रोज वीस-बावीस मिनिटं पुरवायचा म्हटल्यावर पाणी घालावंच लागणार. आता जेठालालचा फोन वाजला तरी आधी बापूजी दचकतात, मग भिडे, मग माधवी, मग अय्यर, प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा जाऊन ढँण्ण वाजतं, आणि फोन कुणाचा ते जाहिरातीनंतर कळतं. दया परत आली तर दचकणाऱ्यांत एकीची भर पडेल, एवढंच.

बरं, आमची ही नाराजी पोचते कुठे? टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मीटरं देशभरात पन्नास हजारांवर घरांत असतात. टीव्ही असलेली घरं 2020च्या अंदाजाने 21 कोटी. चॅनलच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर पकडतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण, आणि घरं कुठली ते गुपित. मीटरला एवढंच समजतं की टीव्ही चालू आहे आणि समोर कोण आहे. समोरचा माणूस शिव्या देतोय, हे नोंदवायला बटण नाही. 2025च्या जून-जुलैत भुतणीचं कथानक आलं आणि सतरा वर्षांची मालिका टीआरपीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. जिभाऊंनी ते कथानक ‘एकदम फालतू’ म्हणून एकही भाग न चुकवता पाहिलं.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली आहे आणि तिचा दोष लेखकांना देता येत नाही. पोपटलालचं लग्न. सुरुवातीच्या वर्षांत छत्री घेऊन ‘कॅन्सल, कॅन्सल’ करणारा, लग्नासाठी तडफडणारा तो पत्रकार पाहून आम्ही पोट धरून हसायचो. आता आमच्याकडे गल्लीगल्लीत पस्तिशीचे पोपटलाल आहेत. दहा एकर बागायत, ट्रॅक्टर, पक्कं घर, पण मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा पिऊन उठतात. शिपाई चालेल, पुण्यात कंपनीत असलेला चालेल, शेतकरी नको. आक्काचा धाकटा त्यातलाच. पोपटलालला स्थळ येऊन मोडायला लागलं की आक्का उठून ओट्यावरची भांडी लावायला घेते. तिच्या लेखी मालिकेचा दर्जा तिथे घसरतो.

गेल्या पार्टीत तिने सरळच सांगितलं, ‘‘त्यानं लगीन करी टाका एकदाव.’’

‘‘लगीन व्हयनं म्हंजे मंग देखाले काय राहिनं?’’ जिभाऊ म्हणाले.

त्यावर बायकांनी त्यांना गप्प बसवलं आणि नवरीची चर्चा सुरू झाली. भरीत ठेचून, कांद्याची पात चिरून होईपर्यंत मुलीचं शिक्षण ठरलं, नोकरी करणारी चालेल हेही ठरलं. गाव तेवढं ठरेना. आक्काला चोपड्याची हवी होती, जिभाऊ शिरपूरवर अडून बसले.