बर्फातली ट्राम आणि घाटातली वाळू

जुन्या घरगुती फिल्म स्वच्छ करून त्यांची डिजिटल प्रत तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. पुण्याच्या पेठांमधले वाडे पाडले जाऊ लागले, त्यांचे माळे रिकामे होऊ लागले, तसे आमच्याकडे येणारे डबेही वाढले. त्यांत मुंजी असतात, लग्ने असतात, महाबळेश्वरच्या सहली असतात. रेल्वे मात्र अशा चित्रणात सहसा मागेच राहते. माणसे निरोप घेत असतात आणि इंजिनाचा एखादा कोपरा चुकून चौकटीत येतो. त्यामुळे घोरपडीहून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी टेबलावर डबा ठेवला आणि त्याच्या झाकणावर वळणदार अक्षरांत ‘बर्फातली ट्राम’ एवढेच लिहिलेले मला दिसले, तेव्हाच हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवायचे नाही असे मी ठरवले.

गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले चालक होते. शेडमध्ये क्लीनर म्हणून लागून, पुढे पुणे-दौंड मार्गावर वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून काम करून, शेवटी विजेच्या इंजिनावर बोरघाटात गाड्या चालवण्यापर्यंत ते पोचले होते. रीळ त्यांच्या थोरल्या भावाचे होते. भाऊ इंजिनीअर होते, साठच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी टोरोंटोला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. त्यांच्या निधनानंतर पुतणीने सामान आवरताना हा डबा सापडला आणि तिने तो काकांकडे पाठवून दिला. प्रोजेक्टर नसल्यामुळे त्यांनी ते चित्रण पाहिलेले नव्हते.

दोघा भावांचे बालपण दादरला गेले होते आणि शाळकरी वयात दोघांनाही ट्रामचे वेड होते. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढत असत. ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली, १९२० साली दुमजली ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी करून ती कायमची थांबली. त्या रात्री धाकटा भाऊ ड्यूटीवर होता आणि थोरला परदेशात होता. पुण्यात ट्राम कधी धावलीच नाही, त्यामुळे आमच्या शहरात तिच्याविषयी हळवे होणारी माणसे बहुधा अशी मुंबईहून आलेलीच असतात.

रीळ साध्या ८ मिलिमीटर फिल्मचे, ५० फुटांचे होते. म्हणजे चित्रण जेमतेम चार मिनिटांचे. फिल्म कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म होती, आणि कोडाक्रोमचे रंग अंधारात नीट ठेवले तर आश्चर्य वाटावे इतके टिकतात. ट्रामचा तांबूस-किरमिजी आणि फिकट पिवळसर रंग काल रंगवल्यासारखा दिसत होता. अडचण निराळीच होती. धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारे सॉफ्टवेअर एका चौकटीत दिसणारा आणि पुढच्या चौकटीत नसणारा पांढरा ठिपका कचरा समजून काढून टाकते. पडणारा बर्फही त्याला तसाच दिसतो. ते सॉफ्टवेअर या रिळावर चालवले असते तर टोरोंटोचा हिवाळाच पुसला गेला असता. म्हणून मी ते बंद ठेवले, फिल्म हाताने पुसून घेतली, आणि जी धूळ पडद्यावर जागा न बदलता अनेक चौकटी टिकून राहते तेवढीच एकेक करून काढली. हे काम कंटाळवाणे असते असे लोकांना वाटते. मला ते तसे कधीच वाटले नाही.

प्रत तयार झाल्यावर मी काकांना पाहायला बोलावले. चित्रण मूक होते. पहिल्याच दृश्यात पांढऱ्या झालेल्या रस्त्यावर एकमेकींना जोडलेल्या दोन ट्राम वळण घेऊन येतात. काका काही वेळ नुसते पाहत राहिले आणि मग म्हणाले, “ताई, ही गाडी खरी एवढी जोरात चालली नव्हती.” जुन्या मूक चित्रणाचा वेग ठरवणे हा आमच्या कामातला नेहमीचा प्रश्न आहे, कारण साध्या ८ मिलिमीटरचे कॅमेरे सेकंदाला १६ चौकटी घेत, काही १८ घेत, आणि कोणत्या कॅमेऱ्याने किती घेतल्या हे रिळावर लिहिलेले नसते. मी दोन्ही वेगांच्या प्रती करून ठेवल्या होत्या आणि १८ ची आधी लावली होती. १६ ची लावली तेव्हा काकांनी थांब्याजवळ ब्रेक लागतानाचे दृश्य पुन्हा पाहायला मागितले आणि मान डोलावली. त्याच दृश्यात फुटपाथवरून जाणाऱ्या माणसांची चालही आता स्वाभाविक दिसत होती. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढे कसे येते, हे ज्याने आयुष्यभर अंगावर अनुभवले आहे त्याची नजर असे मोजमाप करू शकते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग वाळूचे दृश्य आले. ट्राम थांब्यावर उभी आहे, कॅमेरा चाकांच्या जवळ आहे, आणि गाडी हलण्याआधी पुढच्या चाकासमोर काहीतरी तपकिरी सांडते. गाडी निघून गेल्यावर रुळावर तपकिरी रेघ राहते. हा फिल्मवरचा डाग असेल का, असा मला प्रश्न पडला होता, परंतु डाग चित्रातल्या वस्तूबरोबर सरकत नाही आणि ही रेघ रुळाला धरून होती, म्हणून मी तिला हात लावला नव्हता. काकांनी ती पाहताक्षणी ओळखली. “वाळू सोडतोय तो. बर्फावर चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून सुटताना वाळू. आमचं घाटात हेच चालायचं, फक्त पावसाळ्यात.”

त्यापुढचा बराच वेळ चित्रण थांबलेलेच होते आणि ते बोलत होते. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना घाटाचा उतार ३७ ला १ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला गाडी १ मीटर वर उचलायची असते, आणि त्यासाठी मागून बँकर इंजिने लावावी लागतात. १८६३ साली हा घाट खुला झाला तेव्हाही उतार तेवढाच होता. पावसाळ्यात ओला रूळ आणि त्यावर कुजलेला पाला असला की इंजिन स्लिप मारते, आणि चालकाला नेमक्या क्षणी वाळू सोडावी लागते. वाळू कोरडी हवी, बारीक हवी, चाळलेली हवी. ओली वाळू नळीत गोळा होऊन बसते आणि ऐन चढावर दगा देते. शेडमध्ये वाळू भट्टीवर वाळवणारी माणसे असत. “त्यांना कोणी विचारत नव्हतं, पण घाटात गाडी त्यांच्याच जिवावर चढायची,” असे काका म्हणाले. वाळू जास्त झाली तरी नुकसान होते, हेही त्यांनीच समजावून सांगितले. विजेच्या गाडीचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि चाकांमधून रुळांत उतरून परत जातो. चाकाखाली वाळूचा थर जमला तर हा परतीचा रस्ताच तुटतो. टोरोंटोची ट्राम ६०० व्होल्टच्या डीसीवर चालते आणि त्या काळी घाटात १५०० व्होल्टचा डीसी होता, पण रुळाशी असलेला हा व्यवहार दोन्हीकडे एकच.

पुढच्या दृश्यात ट्रामच्या छतावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या दांड्याच्या टोकाशी मधूनच एकेका चौकटीपुरता हिरवट-निळा झोत चमकत होता. तारेवर गोठलेल्या पाण्याचा थर बसला की दांड्याचा तारेशी स्पर्श क्षणभर सुटतो आणि तिथे ठिणगी पडते. ज्या शहरांत ट्राम हिवाळ्यातही चालवायची असते तिथे अशा गोठत्या पावसाच्या रात्री प्रवासी नसतानाही गाड्या फिरवत ठेवण्याची पद्धत आहे, कारण तारेवर आणि रुळांत बर्फ बसू न देणे हे सकाळी तो खरवडून काढण्यापेक्षा सोपे असते. आणि बर्फ बसलाच, तर झाडणारी गाडी. ती या रिळात आहे, अवघी काही सेकंद, परंतु मला विचाराल तर संपूर्ण चित्रणातला सर्वांत मोलाचा भाग तोच. चौकोनी, बोजड अशी ती गाडी. दोन्ही टोकांना तिरपे लावलेले, वेताच्या काड्यांचे प्रचंड गोल ब्रश. आणि ते फिरू लागले की बाजूला उडणारा पांढरा लोट, ज्यात गाडी स्वतःच दिसेनाशी होते. टोरोंटोत अशा गाड्या १९७३ पर्यंत वापरात होत्या. त्या शहराला बर्फाची किंमत चांगली माहीत होती: ११ डिसेंबर १९४४ रोजी तिथे एका दिवसात जवळजवळ अर्धा मीटर बर्फ पडला आणि क्वीन स्ट्रीटवर एक ट्राम उलटली.

चित्रणातल्या ट्राम पीसीसी प्रकारच्या आहेत. अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी समिती नेमून नवी गाडी तयार करून घेतली, ती १९३६ साली रस्त्यावर आली, आणि टोरोंटोने १९३८ पासून ती घ्यायला सुरुवात करून नव्या-जुन्या मिळून ७४५ गाड्या जमवल्या. या गाडीतली एक गोष्ट मी काकांना सांगितली आणि त्यांना ती फारच आवडली. मोटारीचा वेग आवरताना आणि ब्रेक लावताना ज्या रोधकांत वीज जाते ते तापतात. त्यांच्यावरून पंख्याने हवा फिरवून तीच ऊब डब्यात सोडण्याची सोय पीसीसीच्या रचनेत केलेली होती. घाट उतरताना विजेची इंजिने मोटारी उलट्या कामाला लावून वीज परत तारेत पाठवत असत. “आम्ही ती दुसऱ्या गाडीला द्यायचो, हे पॅसेंजरला शेकायला देतात,” असे म्हणून ते खरोखर आनंदले.

आपल्याकडे बर्फ नाही म्हणून हिवाळ्याचे काम नाही असे मात्र नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितले आणि मला ते इथे नोंदवायचे आहे. थंडीत रूळ आखडतो. १ किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ तापमान ४० अंशांनी उतरले तर सुमारे ४६ सेंटीमीटर आखडेल. जोडून लांब केलेल्या रुळाला आखडायला जागा नसते, म्हणून तो ताण रुळातच राहतो आणि एखादे कच्चे जोडकाम पहाटेच्या गारठ्यात तडकते. त्यासाठी थंडीच्या रात्री ट्रॅकमन कंदील किंवा बॅटरी घेऊन रुळांच्या कडेने चालत राहतात. रेल्वेच्या आठवणी लिहिणारे आपण बहुतेक जण इंजिनाच्या शिट्टीवर आणि धुरावर थांबतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली हे पुण्यात लहान मुलांनाही सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. परंतु ती ज्या रुळावरून जाते तो रात्री पायी तपासणाऱ्या माणसाचे चित्रण माझ्या टेबलावर आजवर आलेले नाही. काकांच्या भावाने मात्र परक्या शहरातल्या कडाक्याच्या थंडीत कॅमेरा वाळूवर आणि झाडणाऱ्या गाडीवर रोखला होता. नुसती सुंदर दृश्ये हवी असती तर त्याला नायगारा जवळ होता.

चित्रण कोणत्या हिवाळ्यातले, हे ठरवणे बाकी होते. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा चिन्हांनी फिल्म तयार झाल्याचे वर्ष दाखवलेले असते, पण तीच चिन्हे २० वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून त्यांना दुसरा आधार लागतो. तो आधार ट्रामनेच दिला. जोडलेल्या गाड्यांवर ‘ब्लूर’ या टोरोंटोतल्या रस्त्याच्या नावाची पाटी होती आणि एका दृश्यात त्या डॉन नदीच्या खोऱ्यावरचा मोठा कमानींचा पूल ओलांडत होत्या. १९१८ साली बांधून झालेल्या त्या पुलाला रस्त्याखाली एक रिकामा मजला ठेवलेला होता, पुढेमागे रेल्वे न्यायची तर असावा म्हणून. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी भुयारी रेल्वे सुरू झाली आणि ती त्याच खालच्या मजल्यावरून गेली. वरच्या रस्त्यावरची ट्राम त्यानंतर उरली नाही. म्हणजे चित्रण त्या तारखेच्या आधीचे. भावाचे टोरोंटोला जाण्याचे वर्ष आणि कडेची चिन्हे यांच्याशी हे तंतोतंत जुळत होते. दादर आणि ब्लूर या दोन्ही ठिकाणची ट्राम दोन वर्षांच्या आतबाहेर गेली, हे हिशेब मांडल्यावर काकांच्या लक्षात आले. भावाने कॅमेरा घेऊन पुलावर जाण्याचे कारण हेच असावे, असे ते म्हणाले आणि मला ते पटले.

मी त्यांना विनंती केली की चित्रण पुन्हा एकदा सुरुवातीपासून लावते, तुम्ही जे दिसेल ते बोला, मी आवाज मुद्रित करते. ते आधी संकोचले. मग बोलू लागले आणि मध्ये एकदाही अडखळले नाहीत. आम्ही दोन प्रती केल्या, एक मूक आणि एक त्यांच्या आवाजातली, आणि आवाजाची प्रत पुतणीकडे गेली. तिला मराठी समजते, पण रेल्वेचे शब्द समजतीलच असे नाही, म्हणून सोबत मी दृश्यांची यादी जोडली आणि ती काकांनी ओळ न् ओळ तपासली. त्यातल्या तिसऱ्या नोंदीत मी ‘ट्राम थांब्यावरून निघते’ असे लिहिले होते. काकांनी पेन मागून घेतले आणि पुढे लिहिले: ‘चालकाने आधी वाळू सोडली आहे, बेताची, जितकी हवी तितकीच.’