एवढं धूड दिसत नाही?

"बसएवढं धूड, आणि बोटवाल्याला दिसत नाही म्हणजे काय?" राइट व्हेल नावाच्या देवमाशांना बोटी धडकतात हे ऐकून, गंगापूर धरणावर कणीस खाताखाता एका काकांचा सवाल.

खरंच दिसत नाही. राइट व्हेलच्या पाठीवर पर नसतो. काळी पाठ पाण्यात मिसळून जाते. पिल्लू सोबत असलं की आई बराच वेळ पृष्ठभागालगतच.

म्हणूनच धडका टाळायला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २००८ पासून, ठरावीक हंगामात आणि पट्ट्यांत, ६५ फूट व त्याहून लांब बोटींना १० नॉटची मर्यादा आहे. म्हणजे ताशी दहा सागरी मैल, साडेअठरा किलोमीटर. कॉलेज रोडवरची स्कूटी जोरात जाते!

२०२२ मध्ये ३५ ते ६५ फुटांच्या बोटीही यात घ्यायचा प्रस्ताव आला आणि हौशी बोटवाले खवळले. सगळंच चूक नव्हतं त्यांचं. अशी बोट वेगात पाण्यावर उचलली जाऊन घसरते. १० नॉटला धड ना इकडे ना तिकडे: नाक वर, समोरचं झाकलेलं, तेल जास्त. साठ सागरी मैलांवर मासे धरायला जायचं तर नुसते जाण्याचेच सहा तास. जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. व्हेल चारशेहून कमी उरलेत.

"मग हॉर्न वाजवा की!" काका म्हणाले.

तेही करून झालंय. एका प्रयोगात इशाऱ्याचा आवाज ऐकून बहुतेक व्हेल पृष्ठभागाकडे वरच आले, नेमके जिथे बोटीच्या धडकेचा धोका जास्त.