आरोमाँशचं म्युझियम सोपं, ओहोटी अवघड

आरोमाँश हे फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचं गाव. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून जवळच्या बायो शहरापर्यंत रेल्वेने सव्वादोन-अडीच तास, पुढे दहा-अकरा किलोमीटर बस. इथवर काही अडत नाही. घोडं अडतं ते समुद्रापाशी. माझे दोन दिवस त्यातच गेले आणि चीड अजून उतरलेली नाही.

हे म्युझियम मुख्यतः एका बंदराचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ ला, दोस्त राष्ट्रांनी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर समुद्रातून चढाई केली, तेव्हा ब्रिटिश फौजा इथल्या 'गोल्ड' किनाऱ्यावर उतरल्या. मागाहून इंग्लंडमध्ये बांधलेले बंदराचे सुटे भाग खाडीपार ओढत आणून इथे जोडले. अमेरिकन फौजा उतरल्या त्या 'ओमाहा' किनाऱ्यासमोरचं तसंच दुसरं बंदर १९ जूनला उठलेल्या वादळात मोडलं, हे टिकलं. त्याचे 'फिनिक्स', म्हणजे पोकळ काँक्रीटचे ठोकळे, अजून समोर उभे आहेत. सर्वांत मोठे सुमारे ६० मीटर लांब, १८ मीटर उंच, ६००० टनांचे. जुनं म्युझियम १९५४ चं, आताची इमारत २०२३ ची. काचेतून फिनिक्स दिसतात, पण लांबून. तरंगत्या रस्त्याखालचे काँक्रीटचे पोंटून, 'बीटल', मात्र वाळूत रुतलेत आणि ओहोटीला त्यांच्यापर्यंत चालत जाता येतं. त्यांना हात लावायचा असेल तर पुढचं वाचा.

फ्रान्समधल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळेशेजारी २० ते १२० मधला एक आकडा असतो. ९५ च्या आसपास म्हणजे उधाण, ४५ म्हणजे भांग, म्हणजे पाण्याचा सर्वांत कमी चढउतार. उधाणाला पाणी सात-एक मीटर वरखाली होतं, भांगाला जेमतेम तीन. साहजिकच मोठा आकडा बघून दिवस ठरवला जातो. फसगत इथेच होते. या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी नेहमी सकाळी साडेपाच ते सात किंवा संध्याकाळी सहा-सातच्या सुमारासच येते. पहाटे बस सुरू झालेली नसते आणि संध्याकाळी शेवटची निघून गेलेली असते. भांगाची ओहोटी भर दुपारी, बसला सोयीची, पण पाणी हटतच नाही. वेळापत्रक छापणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही (मी दिला). जूनच्या ५, ६ आणि ७ याच तारखा चढाईसाठी निवडल्या त्याचं एक कारण हेच होतं. पौर्णिमा हवी होती आणि पहाटे ओहोटीही, म्हणजे जर्मनांनी पाण्यात रोवलेले अडथळे उघडे पडतील.

दुसरी चूक तक्त्याची. काही तक्ते जागतिक वेळेत असतात. त्यात उन्हाळ्यात दोन तास मिळवायचे, हिवाळ्यात एक. हे राहिलं तर पाणी ओसरायच्या दोन तास आधीच वाळूवर जाऊन उभे राहाल.

सुटका कालनिर्णयात आहे! कोकणातला 'तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ' हा हिशेब इथे फ्रान्सच्या उन्हाळी वेळेत तासाभराच्या फरकाने लागू पडतो. निव्वळ योगायोग. द्वादशी धरा: बारा पाऊण नऊ, म्हणजे भरती सकाळी नऊला आणि ओहोटी दुपारी सव्वातीन-साडेतीनला. आकडा ६०-७० च्या घरात असतो, बीटलपुरतं पाणी हटतं आणि परतीची बसही मिळते. वद्य पक्षातली द्वादशीही चालते. नेमकी वेळ मात्र तक्त्यातूनच घ्या.

रात्री राहणार असाल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचा दुसरा दिवस उत्तम. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, सातची ओहोटी आरामात पाहून जेवायला जाता येतं. पण ६ जूनच्या आसपासचा आठवडा टाळा, रस्ते बंद असतात आणि खोल्या फार आधी भरतात.

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास वाळूवर उतरा आणि पाणी फिरलं की परत निघा. मधल्या सखल भागांत पाणी मागून शिरतं, ते समोर बघणाऱ्याला कळत नाही. शेवाळ निसरडं आणि शिंपल्यांच्या कडा धारदार, त्यामुळे चपला नकोत, गमबूट हवेत. काँक्रीटवर चढू नका, आतल्या गंजलेल्या सळया बाहेर आल्यात.

हो, राहिलंच: आधी म्युझियम, मग वाळू. चार पायांवर उभा धक्का भरतीबरोबर वर कसा सरकायचा आणि त्याला जोडलेला रस्ता लाटेवर कसा लवायचा, हे आतल्या हलत्या प्रतिकृतींवर पाहिलं नसेल तर बाहेर नुसते काँक्रीटचे ढेकळे दिसतात. कड्यावरचं गोल पडद्यांचं चित्रपटगृह ही वेगळी संस्था आहे, तिथलं तिकीट म्युझियमला चालत नाही. रविवार आणि सुट्टीच्या दिवशी बस अगदीच तुरळक. अशा दिवशी बायोहून भाड्याची सायकल बरी.