पोटावरच्या रेघा

8 मे, रात्री साडेदहा

लाइन आत्ता आली. कूलर घरघरला तशी माय झोपली. मला झोप नाही. सातवा सरत आलाय, कूस बदलायची म्हटलं तरी आधी उठून बसावं लागतं.

आज न्हाणीतून आल्यावर आरसा खाली धरून पाहिलं. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, तीन रेघा. जांभळट, नखानं ओढल्यासारख्या. दोन महिने ज्यांच्या भीतीनं मी काय काय केलं, त्या आल्याच.

क्रीमचं आधी लिहिते. मोबाइलवरून मागवलं, साडेसहाशेची एक बाटली, अशा दोन. म्हणजे एका बाटलीला कापूस वेचायची दोन-तीन दिवसांची मजुरी. बाटलीवर गोऱ्या बाईचं गुळगुळीत पोट. तिला सातवा होता की नव्हता, देव जाणे.

पण क्रीम परवडलं. दुसरं केलं ते लिहायलाही लाज वाटते. वजन भराभर वाढलं की कातडी ताणते आणि रेघा पडतात, एवढं कुठेतरी वाचलं आणि रात्रीची भाकर अर्धी केली. उन्हाळ्यानं जेवण जात नाही म्हणून सांगायचं. यवतमाळचं ऊन, कोणाला खोटं वाटणार? पण कार्डाला खोटं सांगता येत नाही. 9 एप्रिलला तपासणीत वजन मागच्या महिन्याएवढंच निघालं, हिमोग्लोबिन साडेनऊ. आशाताईनं कार्ड सिस्टरपुढे धरलं. सिस्टर म्हणाल्या, "बेचाळीस किलोची होतीस तू. तुझ्यासारख्या बारीक बाईचं तर साडेबारा किलोच्या वर वाढायला पाहिजे." मग मला रडू आलं आणि खरं काय ते तोंडातून निघालं. रांगेतल्या बायकांनी सगळं ऐकलं. एक जण, तिसऱ्या खेपेची, म्हणाली, "माह्या पोटावर त वखर फिरला व बाई, पाहतं का?" सगळ्या हसल्या. मीही, नाक पुसत.

सिस्टरनं एक विचारलं ते लक्षात राहिलं. रात्री तळहात-तळपाय खाजतात का? नाही म्हटलं. पुरळ नसताना तिथे खाज सुटली तर थांबू नको, लगेच ये, तो यकृताचा त्रास असू शकतो, बाळाला धोका. पोटाची खाज वेगळी.

पोटाच्या खाजेवर मायचं शास्त्र ठरलेलं आहे. "लेकराले केस फुटले की मायचं पोट खाजते." हे मी आयुर्वेद शिकणाऱ्या मामेबहिणीला फोनवर हसत सांगितलं, तर ती म्हणाली, ताई, हे चरकसंहितेत आहे! सातव्या महिन्यात गर्भाच्या केसांनी जळजळ होते असं बायका म्हणतात, पण आत्रेय ऋषी म्हणतात, तसं नाही, गर्भाच्या दाबानं वात-पित्त-कफ हे दोष वर सरकतात, त्यानं जळजळ, मग खाज, आणि खाजेतून हे वळ. त्याला तिथे किक्किस म्हटलंय. खाजवू नका, हेही लिहिलंय. म्हणजे मायचं मत तेव्हाच खोडलं गेलं होतं, आमच्या गावापर्यंत निकाल पोहोचला नाही एवढंच.

तिलाच क्रीमचं विचारलं. म्हणाली, 2012 साली 6 चाचण्या एकत्र तपासल्या, 800 बायका होत्या, कोणत्याही तेला-क्रीमनं रेघा टळतात असा भक्कम पुरावा निघाला नाही. कातडीच्या आतल्या थरातले धागे ताणून तुटतात, त्यात गरोदरपणातले हार्मोन. वरून चोळलेलं तिथवर काय पोहोचणार? कोरडेपणा आणि खाज कमी होते, तेवढ्यासाठी लाव. मुरुमांवरचं ते ट्रेटिनॉइनचं मलम मात्र बाळ होईपर्यंत हातात घेऊ नको. शेवटी विचारलं, "मोठ्या आत्याच्या पोटावर आहेत का?" मोठी आत्या म्हणजे माझी माय. मला माहीतच नव्हतं. सव्वीस वर्षांत मायचं पोट मी पाहिलं नव्हतं.

आज संध्याकाळी ती ओसरीत खोबरेल चोळायला बसली. तीळतेल उन्हाळ्यात गरम पडते म्हणते. बोट त्या तीन रेघांवर थांबलं. काही बोलली नाही. मग पदर बाजूला करून नऊवारीची गाठ जरा खाली सरकवली. आटलेल्या नाल्याच्या वाळूवर पाण्याच्या खुणा राहतात तशा पांढुरक्या रेघा, कमरेपर्यंत. "ह्या साऱ्या तुह्या. तुह्या लहान्या भावाच्या वेळी नव्या पडल्या नाही." आणि पुन्हा तेल घेतलं.

रात्री दीड भाकर, वरण, जवसाची चटणी. ती मोजत होती, मला दिसलं. उद्या 9 तारीख, सकाळी आठला उपकेंद्रात काटा आहे.

"खाजवू नको वं," माय झोपेतच म्हणाली आत्ता.

मी खाजवत नव्हते. पेनाचा आवाज होता.