लातुरात क्लाऊनफिशची पिल्लं: चौथी खेप

आज पिल्लांचा तेरावा दिवस. सकाळी बॅटरी लावून दोनदा मोजली, एक्केचाळीस भरली. त्यातल्या एकोणतीस जणांच्या डोळ्यांमागे पहिला पांढरा पट्टा उठलाय. आधीच्या तीन खेपांत एकही पिल्लू इथपर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जोडी ऑसेलॅरिस जातीच्या क्लाऊनफिशची, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी समुद्री माशांची, हॅचरीत वाढवलेली. समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचा नाही आणि प्रवाळाला हात लावायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. प्रवाळ आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे, आणि क्लाऊनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो ते समुद्रफूल (सी-ॲनिमोन) टँकमध्ये नसलं तरी चालतं. आणली तेव्हा दोन्ही बोटाच्या पेराएवढी होती. या जातीत सगळे आधी नर असतात आणि जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. आमच्याकडे वर्षभरात ते घडलं. मादीने अंडी घालायला जागा निवडली ती कुंभाराकडून आणलेल्या माठाच्या खापराची. विकतची गुळगुळीत फरशी बाजूलाच होती, तिकडे ती फिरकली नाही. खापर खरबरीत असतं, अंडी घट्ट धरतात, असा माझा अंदाज.

पाण्याचं आधी सांगतो, कारण इकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न तोच असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते हेच गाव. पाणी वाया घालवायची इथे कुणाची छाती होत नाही. बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं वापरतो आणि आरओने टाकून दिलेलं भांडी-फरशीला जातं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ. उन्हाळ्यात टँकवर टेबलफॅन सोडतो. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी तीन-चार अंशांनी उतरतं, पण ६० लिटरच्या टँकमधून दिवसाला दोन लिटर उडूनही जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. मे महिन्यात दोन दिवस लग्नाला गेलो तर खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर १.०२५ वरून १.०२७ वर. तेव्हापासून रोज सकाळी खुणेपर्यंत गोडं पाणी घालतो, मीठ घालत नाही.

आता मुद्द्याचं. पहिली खेप आई-बापांच्याच टँकमध्ये फुटली, सकाळी एकही पिल्लू नव्हतं. दुसरीला गोड्या पाण्यातल्या माशांच्या सवयीने उकडलेल्या अंड्याचा बलक दिला. पाणी नासलं, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तिसरीने मात्र फार शिकवलं. रोटिफर, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले बारीक जीव, दिले, पिल्लांची पोटं भरलेली दिसत होती, पोहत छान होती. आठव्या दिवसापासून पटापट गेली. रोज सकाळी तळाशी पंधरा-वीस. खाऊनपिऊन मरतात म्हणजे काय, हे मला कळेना.

चूक रोटिफरच्या खाण्यात होती. मी त्यांना बेकरीचं यीस्ट घालत होतो. यीस्टवर रोटिफर भरमसाट वाढतात, पण आतून पोकळ राहतात. समुद्री माशांच्या पिल्लांना लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं लागतात आणि ती त्यांना स्वतःच्या अंगात पुरेशी तयार करता येत नाहीत. समुद्रात ती येतात सूक्ष्म शैवालातून. शैवालाला खातात प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि त्या प्लवकांना खातं पिल्लू. माशाचं तेल म्हणतो ते मुळात शैवालाचं असतं. रूपांतराच्या दिवसांत, अंगाची मोडतोड होऊन नवा मासा घडताना, ही शिदोरी नसली की पिल्लू तिथेच बसतं.

म्हणून चौथ्या खेपेआधी दीड महिना मासे विसरलो आणि फक्त हिरवं पाणी केलं. नॅनोक्लोरॉप्सिस नावाचं सूक्ष्म शैवाल, प्लास्टिकच्या बाटल्यांत, खिडकीत. खत कृषी सेवा केंद्रातलंच: अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट, युरिया, १०:१:१ या प्रमाणात, अगदी चिमटीने. गच्चीवर ठेवलेल्या बाटल्या उन्हाने दोन दिवसांत पिवळ्या पडल्या, उत्तरेच्या खिडकीतल्या टिकल्या. रंग पालकाच्या पातळ भाजीसारखा आला की रोटिफरना घालायचं.

सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघाच. यीस्टवरचा रोटिफर काचेसारखा रिकामा दिसतो. शैवालावरच्याचं पोट हिरवंगार, डोक्यावरच्या केसांची दोन चक्रं गरगर फिरतायत आणि मागे शेपटीच्या मुळाशी एक-दोन अंडी लटकलेली. मी एका रात्री तासभर तेच बघत बसलो होतो. आई उठून आली, "काय करायलास रे एवढ्या राती?" तिलाही दाखवलं. तीही बराच वेळ डोळा लावून बसली.

अंडी नवव्या रात्री फुटली. आधी नारिंगी, मग तपकिरी, शेवटच्या दिवशी प्रत्येक अंड्यात चांदीचे दोन डोळे. नर रात्रंदिवस परांनी पाणी घालत होता, मेलेली अंडी तोंडाने वेचत होता. त्या संध्याकाळी खापर अलगद उचलून ३० लिटरच्या काळ्या टबमध्ये, आई-बापांच्याच पाण्यात, ठेवलं, खाली हवेचे बुडबुडे सोडले आणि खोलीत पूर्ण अंधार केला. दीड तासाने पाहिलं तर पाण्यात तीनेकशे चकाकते ठिपके. टब काळा का, तर फिकट भिंतीवर उजेड चमकला की पिल्लं तिकडेच टकरा देत राहतात. पाणी फिकट हिरवं ठेवलं, रोटिफर मिलिलिटरला दहाच्या आसपास. सहाव्या दिवसापासून ताजे फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं). रोज हवेच्या बारीक नळीने तळ ओढून दहा टक्के पाणी बदललं. चौथ्या रात्री तीन तास लाईट गेली, तेव्हा बॅटरीवरच्या एअरपंपाने तारलं.

तीनशेतली एक्केचाळीस. आठव्या ते अकराव्या दिवसात या वेळी फक्त सतरा गेली. बाकीची गळती पहिल्या चार दिवसांतली, म्हणजे पहिल्या घासाची. तिथे अजून काम आहे.

खऱ्या समुद्रात हेच दहा-बारा दिवस पिल्लं प्रवाहावर वाहतात. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात संशोधकांनी सॅडलबॅक क्लाऊनफिशच्या अंड्यांवर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची खूण करून माग काढला होता, तो अभ्यास २००५ साली आला. तिथे स्थिरावलेल्या पिल्लांपैकी साधारण एक तृतीयांश जन्माच्याच दोन हेक्टरांच्या वस्तीत परतलेली निघाली. एवढासा जीव, अंड्यातून निघताना तीन-चार मिलिमीटरचा, आणि घर सापडतं त्याला. टबात बघताना हे सारखं आठवतं.

मादीचं पोट पुन्हा फुगलंय. चार-पाच दिवसांत अंडी येतील. या वेळी रोटिफर बारीक जाळीतून गाळून, पहिले तीन दिवस फक्त लहान आकाराचे द्यायचे ठरवलंय. हिरव्या पाण्याच्या अकरा बाटल्या तयार आहेत. लातूर-नांदेडकडच्या कुणाला लावण, म्हणजे शैवाल वाढवायला सुरुवातीचं हिरवं पाणी, हवं असेल तर दोन बाटल्या बाजूला काढून ठेवतो.