टेललाईट लुकलुकते, फ्लॅशर बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रत्नागिरीत गाड्यांचं वायरिंग करतो, त्यामुळे हा प्रश्न वर्षभर कानावर येतो: "डावा इंडिकेटर दिला की मागची टेललाईटपण लुकलुकते. ब्रेक दाबला की पुढचा इंडिकेटर मंद पेटतो. दादा, फ्लॅशर बदलू का?" गाडी जुनी बोलेरो पिकअप असो की टाटा २०७, माझं उत्तर ठरलेलं आहे. फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, हात लावू नका. आधी मागच्या लॅम्पचा अर्थ बघा, म्हणजे बल्बमधला करंट चासीत (गाडीच्या लोखंडी सांगाड्यात) उतरवून बॅटरीला परत नेणारी वायर.

फ्लॅशर करंट तोडतो आणि जोडतो, बाकी काही करत नाही. इंडिकेटरचा करंट टेललाईटमध्ये ढकलणं त्याला जमणारच नाही, कारण त्या दोन वायरी त्याच्यापाशी एकत्र येतच नाहीत. त्या भेटतात मागच्या लॅम्पच्या आत, होल्डरच्या अर्थ पत्रीवर, म्हणजे धातूच्या पट्टीवर. इंडिकेटर, ब्रेक, पार्किंग, रिव्हर्स, सगळ्यांना प्लसची वायर वेगवेगळी असते, पण परतीला एकच वायर, बहुतेक वेळा काळी. ती तुटली किंवा गंजली की सगळे बल्ब एकमेकांच्या वाटेने परत जायला बघतात.

समजा डाव्या लॅम्पचा अर्थ गेलाय. तुम्ही डावा इंडिकेटर दिलात. करंट २१ वॅटच्या बल्बमधून पत्रीपर्यंत आला, पण पुढे चासीत उतरायला वाट नाही. त्याच पत्रीला शेजारचा ब्रेक-टेलचा बल्ब टेकलेला असतो, दोन फिलामेंटचा, ब्रेकचं २१ वॅटचं आणि टेलचं म्हणजे पार्किंगचं ५ वॅटचं. करंट त्या फिलामेंटमधून उलटा चढतो, ब्रेकच्या आणि पार्किंगच्या वायरीने उजव्या लॅम्पकडे जातो आणि उजव्याचा अर्थ धरून बॅटरीला परततो. वाटेत जे जे बल्ब लागतील ते इंडिकेटरच्या ठेक्यावर मंद मंद पेटतात. ब्रेक दाबला की हाच प्रवास उलट्या बाजूने होतो. ब्रेकचा करंट पत्रीवर येतो, मागच्या इंडिकेटरच्या बल्बमधून पुढे जातो आणि पुढचा इंडिकेटर उगाच मिणमिणतो.

इथे एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. असा अर्थ गेलेला लॅम्प नुसतं पार्किंग लावून बघितलात तर जवळपास ठीक दिसतो. ५ वॅटच्या फिलामेंटला लागतो तेवढा करंट ब्रेकच्या मोठ्या फिलामेंटमधून पलीकडे सहज निघून जातो. ड्रायव्हर मागे येऊन बघतो, लाल दिवा दिसतो, तो निघतो. पण रात्री पार्किंग चालू आहे, वळण आलं, त्याने ब्रेक दाबला आणि डावा इंडिकेटर दिला, की तिन्ही फिलामेंटच्या एका टोकाला १२ व्होल्ट येतात आणि दुसरं टोक, म्हणजे ती पत्री, तीही १२ व्होल्टवर जाऊन बसते. दोन टोकांत फरक असल्याशिवाय करंट वाहत नाही. मागची डावी बाजू जवळजवळ काळी पडते. म्हणजे मागच्या गाडीला सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच तिला काही दिसत नाही. आंबा घाटात पावसाळ्यात धुकं उतरलेलं असताना पुढच्या पिकअपची एक बाजू अशी विझलेली असेल, तर मागच्या ट्रकला ती मोटरसायकल वाटते. म्हणून 'एकच तर दिवा आहे, पासिंगला बघू' असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

खात्री करून घ्यायला मोठं सामान लागत नाही. एक लांब वायर घ्या, दोन्ही टोकांना क्लिपा लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं लॅम्पमध्ये जिथे काळी वायर येते त्या पत्रीला. पत्री घासून तिथे धातू लख्ख करा, मगच क्लिप लावा. आता इंडिकेटर द्या. लॅम्प झणझणीत पेटला आणि टेललाईटचं लुकलुकणं थांबलं, तर निकाल लागला. बल्ब, फ्लॅशर, स्विच सगळे शाबूत आहेत, फक्त परतीची वाट गेली आहे.

मल्टिमीटर आहे म्हणून लोक त्याच्यावर फार विसंबतात. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच तार उरली असेल, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतं, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तिथे ती एक तार उघडी पडते. मोजायचंच असेल तर दिवा चालू ठेवून मोजा. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी लॅम्पच्या पत्रीला. चांगल्या अर्थला तिथे जवळपास शून्य दिसलं पाहिजे. एक-दोन व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट गंज खातोय.

आमच्याकडे गंज लवकर का धरतो, ते मिरकरवाडा बंदरावर उभं राहिलं की कळतं. मासळीचे क्रेट बर्फासकट हौद्यात, म्हणजे गाडीच्या मागच्या सामानाच्या भागात, चढतात. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं आणि समुद्राचं खारं पाणी मिसळतं, आणि ते मागच्या फाळक्याच्या फटीतून थेट लॅम्पवर आणि त्यामागच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) ठिबकत राहतं. कोल्हापूर गाठेपर्यंत रात्रभर हे चालतं. मिठाच्या पाण्यात तांबं आणि त्यात चालू करंट, मग कपलर उघडला की आत हिरवा कळक. वरून वायर चांगली दिसते. टोकापासून थोडं सोललं की आत तांबं काळं पडलेलं असतं, कारण पाणी तारांमधून आत चढत जातं. असं काळं तांबं पिळून टेप गुंडाळला तर तो जोड पावसाळाही काढत नाही. लाल, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, तेवढा नवा तुकडा जोडा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून बसवा आणि वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. अर्थचा बोल्ट चासीवर जिथे बसतो तिथला रंग खरवडून काढा, आवळा, आणि मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं नको.

हौदा नंतर बनवून घेतलेला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. बॉडी बांधणारे कंपनीची वायर कापून लांब करतात आणि लॅम्पचा अर्थ हौद्याच्या पत्र्यालाच देऊन टाकतात. पण तो हौदा चासीवर लाकडाच्या नाहीतर रबराच्या पॅकिंगवर बसलेला असतो. मधल्या बोल्टांतून जेवढा अर्थ मिळेल तेवढाच, आणि ते बोल्ट गंजले की तोही गेला. अशा गाडीला मी दोन्ही लॅम्पपासून चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढतो. आणि वेल्डिंगवाल्याकडे गाडी नेलीत तर आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडायला सांगा.

प्रत्येक तक्रार अर्थचीच असते असं मात्र नाही. आधी विचारायचं ते हे की बिघाड एका बाजूला आहे की दोन्ही. दोन्ही ब्रेकलाईट गेल्या असतील तर फ्यूज नाहीतर पेडलवरचा स्विच. एकच गेली तर बल्ब, होल्डर नाहीतर अर्थ. एका बाजूचा इंडिकेटर भरभर टिकटिकतो तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. फ्लॅशरला कमी करंट जातो आणि तो वेग वाढवून तेच सांगत असतो. नियमाने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवं. एलईडी बल्ब टाकल्यावर असं झालं तर एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्या.

ब्रेक दाबल्यावर पार्किंगच्या सगळ्या लाईटी लागतात, अशीही तक्रार येते. तिथे बहुतेक वेळा दोन पॉइंटच्या होल्डरमध्ये एका पॉइंटचा बल्ब कोंबलेला सापडतो. त्याच्या बुडावरचा एकच मोठा टिपका होल्डरच्या दोन्ही पॉइंटांना एकदम टेकतो. ब्रेक-टेलच्या बल्बच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात त्या याचसाठी, तो एकाच बाजूने बसावा म्हणून. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. आणि नवा बल्ब लालसर, मेलेला पेटत असेल तर त्याच्या बुडावर काय छापलंय ते वाचा. मोठ्या ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब दिसायला हुबेहूब तसाच असतो.

फ्यूज वारंवार उडतो, त्याला चंदेरी कागद गुंडाळणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. फ्यूज जळायचा तो जळत नाही, मग वायर जळते, आणि ती डिझेलच्या पाइपाशेजारून गेलेली असते. त्यापेक्षा फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि त्या लाईनचं बटण चालू करा. शॉर्ट आहे तोवर तो बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो, आणि वायर तापत नाही. मग मागून पुढे एकेक कपलर सोडत या, वायरिंग हलवत या. ज्या जागी बल्ब विझेल किंवा मंद होईल, शॉर्ट तिथेच. चासीच्या आडव्या पट्टीच्या धारेवर वायर घासलेली असते ती जागा मी पहिली बघतो.

काहीजण अमेरिकेतल्या जुन्या पिकअपचे व्हिडिओ बघून येतात आणि ब्रेकलाईटसाठी स्टिअरिंगखालचा इंडिकेटरचा स्विच खोलू पाहतात. तिकडच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटरला मागे एकच लाल दिवा असतो, म्हणून ब्रेकची वायर त्या स्विचमधून फिरून जाते. आपल्याकडे मागचा इंडिकेटर वेगळा, नारिंगी. आपल्या ब्रेकलाईटसाठी तो स्विच खोलून उपयोग नाही.

मग फ्लॅशर कधी बदलायचा? दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम बंद पडले, किंवा लागतात पण लुकलुकत नाहीत, तेव्हा. त्यातही आधी हझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं बटण, लावून बघा. बहुतेक गाड्यांत हझार्डला आणि इंडिकेटरला फ्लॅशर एकच असतो. हझार्डवर चारही नीट लुकलुकले तर फ्लॅशर चांगला आहे, आणि दोष इंडिकेटरच्या फ्यूजचा नाहीतर स्टिअरिंगखालच्या स्विचचा. हझार्डही गप्प आणि फ्यूज दोन्ही शाबूत, मग खुशाल नवा फ्लॅशर आणा.